गळाने मासेमारीसाठी गाडी कोणती घ्यावी?

तंगूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे आणि या खेपेला मासेमारी डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यायची असं ठरवलंय. गरजा अशा:

माणसं दोन, कधी तीन. काठ्या: ७ फुटी एकसंध दोन, ९ फुटी दोन तुकड्यांची एक, किनाऱ्यावरून लांब फेकायला १३ फुटी तीन तुकड्यांची एक. ५० लिटरचा आइसबॉक्स, जिवंत आमिषाची ४० लिटरची टाकी. बोट अजून नाही, पण पुढेमागे १२ फुटी ॲल्युमिनियमची ट्रेलरवर घ्यायचा विचार आहे. रस्ता बहुतेक डांबरी, शेवटचा तुकडा कच्चा, पावसात चिखल, अधूनमधून वाळू. एरवी हीच गाडी ऑफिसला न्यायची.

पर्याय चार: टू व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ऑल व्हील ड्राइव्ह (गरजेनुसार चारही चाकांना आपोआप ताकद) क्रॉसओव्हर, लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली) अस्सल फोर बाय फोर, डबल कॅब पिकअप. माझा कल तिसऱ्याकडे आहे. ब्रँडवरून भांडू नका, प्रकार कोणता ते सांगा.

पाणकावळा

पाणबुडी घ्या. शेवटच्या कच्च्या तुकड्याचा प्रश्नच मिटतो.

नट_बोल्ट

फोर बाय फोरच्या आधी पेलोड बघा. कागदपत्रांत गाडीचं एकूण परवानगीचं वजन असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की पेलोड निघतो. कॉम्पॅक्ट एसयूव्हीत हा आकडा बहुधा ४०० ते ५०० किलोच्या घरात असतो. आता तुमची बेरीज करू. तीन माणसं २२५ किलो. भरलेला आइसबॉक्स ४०. ४० लिटर पाण्याची टाकी, पंपासकट ४५. काठ्या, गरींचे डबे, फावडं, दोर, कॉम्प्रेसर मिळून ४०. झाले ३५०. पुढे बोट घेतलीत की ट्रेलरच्या तोंडाचा गाडीवर पडणारा भार, ३० किलो धरा, तोही पेलोडमध्येच मोजायचा. हे बहुतेक जण विसरतात. म्हणजे ३८०, आणि यातलं बरंचसं मागच्या ॲक्सलच्या मागे.

परिणाम असा की माहितीपत्रकात २०० मिमी ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेली गाडी भरल्यावर मागून बसते, आणि कच्च्या रस्त्याच्या मधल्या उंचवट्याला सगळ्यात आधी सायलेन्सर घासतो. टो हुक लावला की मागचा डिपार्चर अँगलही (मागचा भाग न घासता किती तीव्र उतारावरून उतरता येतं तो कोन) कमी होतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, तिघे बसा.

आणखी एक, काही देशांत रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना ते तपासा.

उलटा_गिअर

नट_बोल्ट यांच्याशी सहमत. तंगूस, तुमच्या वर्णनात लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारे जादा गिअर) लागेल असं काहीच दिसत नाही. लो रेंज लागते ती खडकाळ चढाला, खोल चिखलाला, भरलेला ट्रेलर बोट उतरवायच्या निसरड्या घाटावरून ओढायला. कच्चा रस्ता आणि वरवरचा चिखल यांना बरे टायर आणि शहाणा चालक पुरतो.

लॅडर फ्रेमचे तोटे कोणी सांगत नाही, मी सांगतो. गाडी जड, सुकाणू ढिलं, डिकीचा फरशीभाग उंच. म्हणजे ४० किलोचा आइसबॉक्स दर खेपेला कंबरेच्या वर उचलायचा. शिवाय पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये (गरजेपुरतीच चारही चाकं जोडायची) पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शिअल नसतं. कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकांना ताकद) मध्ये ठेवून वळलात की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक कुठेच जिरत नाही, ट्रान्समिशन आवळून बसतं आणि गिअर टू एच ला (दोनच चाकांना ताकद) परत येत नाही. असं झालं तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतं.

डबल_हुक

@उलटा_गिअर, असहमत. ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर वाळूत पाच मिनिटं झुंजली की मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच तापतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी टू व्हील ड्राइव्ह होऊन बसते. तेव्हा तुमचे बरे टायर आणि शहाणा चालक दोघेही फावडं मारत असतात.

उलटा_गिअर

@डबल_हुक, मान्य, पण त्यांनी 'अधूनमधून वाळू' लिहिलंय, वाळवंट नाही. आणि फोर बाय फोर पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्यांना चारच.

वाळूचा_किल्ला

वाळूचा विषय निघालाच आहे तर लिहितो. वाळूत गाडीपेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची.

डांबर सोडण्याआधी चारही टायर १८ पीएसआयवर आणा. हवा कमी झाली की टायर रुंद होण्यापेक्षा लांबीने जास्त पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा वाढतो आणि गाडी वाळूवर तरंगते. तरीही ओढत असेल तर १५. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून १२ फक्त फसलेली गाडी काढण्यापुरतं. कमी हवेत वेग ३०-४० च्या वर नको, स्टीअरिंग झटक्यात फिरवायचं नाही. थांबताना ब्रेक मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. शक्यतो उताराकडे तोंड करून थांबा.

चाक जागेवर फिरायला लागलं की तत्क्षणी पाय काढा. अजून दोन सेकंद रेस दिलीत तर गाडी पोटावर बसते. आधी आपल्याच चाकोरीतून सावकाश मागे या. नाही जमलं तर चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा आणखी उतरवा, मग प्रयत्न करा.

आता खरेदीशी संबंध. ही सगळी करामत टायरच्या भिंतीच्या उंचीवर चालते. २२५/६० आर १८ टायरची भिंत १३५ मिमी, २२५/७० आर १६ ची साधारण १५७ मिमी. दोघांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ७२७ आणि ७२१ मिमी. तेव्हा मोठ्या अलॉयच्या महागड्या व्हेरिअंटऐवजी छोट्या रिमचं खालचं व्हेरिअंट घ्या. छोटं रिम नंतर बसवायचं झालं तर ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना, ते आधी बघून घ्या.

आणि कॉम्प्रेसर हवाच. मोठा असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो, तो उडतो.

ओहोटी

वाळूचा_किल्ला यांचा प्रतिसाद छापून डिकीत ठेवावा असा आहे. एक भर: गाडी भरतीच्या खुणेच्या वर लावा. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ दिसते ती गेल्या भरतीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती त्या रेघेच्या वर येऊ शकते. मासा लागला की घड्याळ कोणी बघत नाही.

टोचन करताना दोर टो हुकच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. झटक्याने गोळा तुटला तर तो गोळीसारखा सुटतो, त्यात माणसं गेली आहेत. चासीला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे आहे का, हे गाडी घेतानाच बघा. काही क्रॉसओव्हरमध्ये बंपरच्या झाकणात स्क्रू करायचा एक डोळा असतो. तो सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरता, रुतलेली गाडी हिसके देऊन काढण्यासाठी नाही.

तिरका_गळ

एवढे प्रतिसाद झाले आणि काठ्यांबद्दल कोणीच बोललं नाही! गाडी निवडताना टेप घेऊन जा. ७ फूट म्हणजे २१३ सेमी. तुमच्या एकसंध काठ्या मोडून ठेवता येत नाहीत, म्हणजे डिकीच्या दारापासून पुढच्या दोन सीटच्या मधून डॅशबोर्डपर्यंत २१५-२२० सेमी सरळ जागा हवी. मागचं सीट ६०:४० दुमडत असेल आणि ४० चा भाग त्या बाजूला येत असेल, तर तिसरा माणूस बसूनही काठ्या आत जातात. सीट अखंड दुमडत असेल तर तिसरा माणूस किंवा काठ्या. यापुढे फोर बाय फोर ही दुय्यम बाब.

९ फुटीचे दोन तुकडे प्रत्येकी १३७ सेमीच्या वर, १३ फुटीचे तीन तुकडे प्रत्येकी १३२ च्या वर. हे आडवे डिकीत बसणार नाहीत, तिरके बसतील. दोर ओवून, गरी बांधून काठी तयार ठेवायची असेल तर छताच्या हँडलना दोन आडवे पट्टे बांधून त्यावर ठेवा. गरी रीलच्या पायाशी अडकवा, शेवटच्या कडीत नाही. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करा. कडीत अडकवून ताणून ठेवलेली गरी कडीच्या आतल्या सिरॅमिकला टवका पाडते आणि मग दोर तिथेच कातरतो.

काठ्या माशापेक्षा दाराने जास्त मोडतात. टोक कायम पुढे, बूड डिकीच्या दाराकडे. डिकी आपटली तरी बुडाला लागेल.

टपावर उघड्या काठ्या नकोत. न्यायच्याच असतील तर झाकणाच्या नळीत.

पाणकावळा

म्हणजे गाडी काठीच्या मापाने शिवून घ्यायची.

खेकडा_चाल

काठ्यांसाठी पिकअपपेक्षा व्हॅन बरी. सपाट फरशी, सरकता दरवाजा, पाऊस आला तरी आत बसून गाठी मारता येतात. फक्त क्लिअरन्स कमी आणि बहुतेक व्हॅन फ्रंट व्हील ड्राइव्ह. पिकअपच्या उघड्या हौद्यात काठ्यांना ऊन लागतं. नायलॉनची दोर सतत उन्हात राहिली की कमजोर होते, ब्रेड (विणलेली दोर) त्यामानाने टिकते. शिवाय रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी. टू व्हील ड्राइव्ह पिकअप ओल्या गवतावरही चाक फिरवत बसते.

वास_येतो_का

थोडं अवांतर, पण पिकअपच्या बाजूने एकच मुद्दा: वास हौद्यातच राहतो.

नट_बोल्ट

@वास_येतो_का, हे अवांतर नाही, ऑफिसला तीच गाडी आहे.

समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, वास त्याचा. हे रसायन अल्कधर्मी आहे, म्हणून त्याला आम्ल लागतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, सुकू द्या, परत पुसा. खायचा सोडा इथे फारसा कामाचा नाही, तोही अल्कधर्मीच. सुगंधी स्प्रेने दोन वास होतात. आणि व्हिनेगर लावलेल्या जागी ब्लीच चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो.

कापडी कार्पेटच्या खाली फोम असतो. पाणी एकदा तिथे मुरलं की पुसून जात नाही, कार्पेट काढावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून उंच काठाचा रबरी ट्रे टाका. आइसबॉक्सचं पाणी काढायचं बूच गाडीत असताना बंद, उतरवल्यावर उघडायचं.

आइसबॉक्स आणि टाकी डिकीतल्या लोखंडी कड्यांना रॅचेट पट्ट्याने बांधा. ४० किलोचा डबा ब्रेक मारल्यावर मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत येतो. टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. अर्धी टाकी वळणावर जास्त हिंदकळते.

तंगूस

सगळे प्रतिसाद वाचतोय, फारच उपयोगी. दोन प्रश्न. १) टाकीचा हवेचा पंप आणि १२ व्होल्टची थंड पेटी गाडीच्या बॅटरीवर किती वेळ चालेल? २) इलेक्ट्रिक गाडीचा विचार करावा का?

अँपिअर

१) ६० अँपिअर-अवरची बॅटरी धरू. स्टार्ट व्हायला हवी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ३०. साधी थर्मोइलेक्ट्रिक पेटी सतत ४ ते ५ अँपिअर ओढते, सहा-सात तासांत ३० संपतात. आणि ती बाहेरच्या तापमानाच्या १५-२० अंश खालपर्यंतच नेते, तापलेल्या गाडीत माशाला ते पुरत नाही. कॉम्प्रेसरवाली पेटी चालू असताना ४ च्या आसपास घेते, पण चालू-बंद होत राहते. चांगलं इन्सुलेशन असेल तर सरासरी निम्म्याखाली. तिच्यातलं लो व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी उतरली की पेटी बंद करणारी सोय) 'हाय' वर ठेवा. पंप छोटा असतो, पण त्यालाही वेगळी छोटी बॅटरी दिलेली बरी. गाडी सुरू झाली नाही तर मेलेली आमिषं हा सगळ्यात लहान प्रश्न असेल.

खरं तर एक दिवसाच्या फेरीला बर्फच उत्तम. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ, थोडं पाणी घालून.

२) इलेक्ट्रिकचे फायदे: आवाज नाही, सुरुवातीपासून जोर, आणि व्हीटूएल (गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणांना वीज) असेल तर पंप, पेटी, दिवे बिनघोर चालतात. काहींच्या पुढच्या डिकीत पाणी काढायचं बूचही असतं, उदाहरणार्थ फोर्ड मस्टँग माक-ई. बर्फ सरळ त्यात. तोटे: वजन, त्यामुळे मऊ जमिनीत लवकर रुततात, आणि मासेमारीच्या जागी चार्जर नसतो. उंच-रुंद ट्रेलर मागे लावला तर रेंज निम्म्यावर येऊ शकते. तुमची फेरी जाऊन-येऊन रेंजच्या निम्म्यात बसत असेल तरच.

खारवट

इलेक्ट्रिक असो की डिझेल, खारं पाणी कोणाला सोडत नाही. वापरलेली गाडी घेणार असाल तर टॉर्च घेऊन खाली झोपा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या, तिथे फुगलेला गंज दिसला तर पुढे बोलू नका. मग स्प्रिंगच्या खालच्या बैठका, चासीच्या आतली बाजू (भोकातून बोट घालून बघा, पापुद्रे हाताला येतात), टो हुकचे बोल्ट. खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते विचारा.

नवी गाडी असेल तर चासीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या, वरवरचं रबरी कोटिंग नको. ते सोललं की आत पाणी धरून ठेवतं. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. फार दाबाने नको, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. लॉन स्प्रिंकलर गाडीखाली १५-२० मिनिटं ठेवला तरी काम होतं.

घाटावरचा

बोटीबद्दल. १२ फुटी ॲल्युमिनियमचा सांगाडा ७५ ते १०० किलो, १५ अश्वशक्तीचं फोर स्ट्रोक इंजिन ५० च्या आसपास, २५ लिटर पेट्रोल १९, ट्रेलर दीडशे, वर नांगर, वल्ही, बॅटरी. साडेतीनशे-चारशे किलो. ओढायला ही चारही प्रकारच्या गाड्या समर्थ आहेत, फक्त त्या मॉडेलला टोइंगची परवानगी हवी. ती सगळ्यांना नसते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघा.

अडचण ओढण्यात नाही, घाटावर आहे. बोट उतरवायच्या घाटाचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. गाडीचं तोंड वर, ट्रेलरचं वजन मागे, म्हणजे पुढची चाकं हलकी, आणि खालचा भाग शेवाळलेला. फ्रंट व्हील ड्राइव्ह इथेच मार खाते. उपाय: ट्रेलरला आठ-दहा मीटरचा दोर लावून गाडी कोरड्या भागातच ठेवायची आणि ट्रेलर त्याच्या पुढच्या छोट्या चाकावर दोराने खेचायचा. एवढ्या हलक्या बोटीला हे सहज जमतं. ८०० किलोची बोट असती तर मीच लो रेंज घ्या म्हटलं असतं.

पाण्यात नेण्याआधी ट्रेलरचे हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) गार होऊ द्या. गरम हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, ग्रीस दुधाळ होतं, पुढच्या काही फेऱ्यांत बेअरिंग जातं. दिव्यांचा प्लग काढून ठेवा. वाटेत थांबाल तेव्हा हबला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर बेअरिंग संपत आलंय. ग्रीस भरलेला तयार जादा हब आणि ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना डिकीत हवा, गाडीचा पाना बहुधा बसत नाही.

दोन_चाकी

कोणी विचारलं नाही तरी सांगतो: एकट्यासाठी बाइक. टेलिस्कोपिक काठी, ७५ मिमीच्या पीव्हीसी नळीत, नळी साडीगार्डच्या बाजूला उभी-तिरकी बांधायची, वरचं टोक खांद्याच्या खाली. कुठेही लागते, कुठेही वळते.

पाणकावळा

आणि मोठा मासा मिळाला की पिलियन.

उलटा_गिअर

@तंगूस, घाटावरचा यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. शेवाळलेला घाट असेल तर ऑल व्हील ड्राइव्हचा उपयोग आहे. पण तेवढ्यासाठी लॅडर फ्रेम नको.

डबल_हुक

लॅडर फ्रेम म्हणजे प्रचंडच असायला हवी असं नाही. सुझुकी जिमनी बघा. क्लिअरन्स २१० मिमी, खरी लो रेंज, वजन कमी म्हणून वाळूत तरंगते. पण तीन दरवाजांच्या मॉडेलची डिकी मागची सीटं उभी असताना ८५ लिटर. तुमचा आइसबॉक्स ठेवला की तिसरा माणूस टपावर. दोघेच जात असाल तर प्रश्न नाही, सीटं पाडून ३७७ लिटर होते.

तिरका_गळ

आणि ७ फुटी एकसंध काठी? टेप!

तंगूस

सगळ्यांचे आभार. लॅडर फ्रेम आणि पिकअप यादीतून काढले. आता ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर, छोट्या रिमचं व्हेरिअंट, ६०:४० सीट. एक शंका राहिली: शोरूमवाले म्हणतात ऑटोमॅटिक घ्या. वाळू-चिखलासाठी मॅन्युअल बरं ना?

वाळूचा_किल्ला

वाळूत टॉर्क कन्व्हर्टरवालं (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारं) ऑटोमॅटिक बरं. गिअर बदलताना ताकद तुटत नाही आणि क्लच प्लेट जळायचा प्रश्न नाही. पण ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं कुठलं ते विचारा. ड्राय क्लचचं ड्युअल क्लच (दोन क्लचचं) किंवा एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) असेल तर घाटावर ट्रेलर मागे लावून इंचाइंचाने सरकताना क्लच तापतो, तसं असेल तर मॅन्युअल घ्या. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारं) हलक्या कामाला ठीक, वाळूत फार वेळ रेटली तर तापून ताकद कमी करते. आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) पूर्ण बंद करता येतं का बघा. वाळूत ते नको तेव्हा ताकद कापतं.

घाटावरचा

ऑटोमॅटिक असेल तर घाटावर आधी हँडब्रेक, मग पाय सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्या, शेवटी पी (पार्क). उलट केलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर लटकतं. वर चाकाखाली लाकडाची पाचर, ती हवीच.

ओहोटी

किल्लीचंही विचारून घ्या. रिमोट किल्ली कंबरभर पाण्यात भिजली की संपली. आतली लोखंडी पात काढून दार उघडता येतं का, आणि रिमोटची बॅटरी गेली तर गाडी सुरू कशी करायची, हे डिलिव्हरीच्या वेळीच करून दाखवायला सांगा.

तिरका_गळ

आणि शोरूमला जाताना एक ७ फुटी काठी घेऊनच जा. लोक बघतील, बघू देत. सेल्समनला सांगा, डिकी तुम्ही लावा.